विशेष कापड

मुलींचे वसतिगृह, ता. आंबेगाव
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम जय भीम. तुझं पोस्टकार्ड पोचलं. ‘फोनात मला माशा गुणगुणल्यागत ऐकू येतं, तवा कागद लिही’ हे तुझं म्हणणं मान्य. तसंही आमच्या डोंगरात रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढलं तरच, आणि विज्ञानाची बाई टाकीवर चढलेली शाळेला चालत नाही. म्हणून कागदच बरा.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. माझ्या नववीच्या मुलींकडे विषय आलाय, ‘माणूस उडायला कसा शिकला’. फ्रान्समधल्या कागद बनवणाऱ्या दोन भावांनी गरम हवेचा फुगा सोडला तिथपासून सुरुवात. मग एकानं फुग्याला वाफेचं इंजिन लावलं. मग सायकली दुरुस्त करणाऱ्या अमेरिकेतल्या दोन भावांनी शिवणयंत्रावर पंखांचं कापड शिवलं आणि १९०३ साली इंजिनावर उडून दाखवलं. पण मुलींना सगळ्यात आवडलंय ते झेपेलिन. म्हणजे फुग्याचंच विमान, पण आगगाडीएवढं लांब. १९०० साली जर्मनीत एका तळ्यावर पहिलं उडालं. आम्ही त्याचा अठरा फुटी सांगाडा बांबूचा केलाय आणि सभागृहात टांगलाय. हर्षाली म्हणून नारायणगावची मुलगी आहे, घरी द्राक्षबाग. तिनं मांडवाला तार आवळतात तशा गाठी मारून दिल्या. हलवला तरी कुरकुरत नाही.

आता माझं काम. या विमानाच्या पोटात वायूच्या पिशव्या असायच्या. पहिल्या विमानात रबर लावलेलं कापड होतं, पण पुढं जी मोठमोठी विमानं झाली त्यांत कापड नव्हतं. गाईच्या आतड्यावरचा पातळ पापुद्रा होता. वजनाला काही नाही आणि वायू बाहेर सुटत नाही. एका विमानाला दोन लाखांहून जास्त जनावरांची आतडी लागायची. मला त्याचा नमुना ठेवायचाय, बोकडाच्या आतड्याचा. बाबा एकदा म्हणाले होते की आजोबांना तो पापुद्रा अख्खा काढता यायचा. कसा काढायचे, लिहून कळवशील?

मी अजून नोकरीत कायम झालेली नाही. मार्चअखेर संस्था ठरवेल. प्रदर्शन चांगलं झालं तर तेही होईल असं सगळे म्हणतात. राकेशदादाला आठवण सांग.

तुझी,
प्रतीक्षा


बोरी बुद्रुक
१५ जानेवारी

चि. प्रतीक्षाला आत्याचा जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हटलं आपल्याला अक्षर लागलं न्हाई का काय. तिसऱ्यांदा माझ्या राकेशला वाचाया लावलं. त्यानं बी त्येच वाचलं तवा कळलं, मी बरोबर वाचलंय.

मी बावन्नाव्या वर्सी साक्षरता वर्गात अक्षर शिकले ती ह्ये वाचाया न्हाई. तुला तुझ्या बापानं सांगितलं नसंल तर मी सांगते. छपन्न साली बाबासाहेबांनी धम्म घेतला. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गावात एकाचा बैल मेला. सांगावा आला, वढून न्या. अण्णा म्हंजे तुझा आजा पोपट, त्यो उठला न्हाई. पुन्ना सांगावा आला. मंग त्यो उठला, आढ्याचा मेली जनावरं वढायचा दोर काढला आन् सगळ्या वस्तीदेखत चुलीत घातला. लई जाड दोर, धुपत बसला संध्याकाळपत्तुर.

त्येच्या बदली तीन महिने आमाला दुकानात मीठ न्हाई, गिरणीत दळण न्हाई, कुनाच्या रानात काम न्हाई. आई जात्यावर दळायची आन् अळणी भाकर थापायची. मी सहा वर्साची. येक डाव मी म्हटलं, अण्णा जा की बैल वढाया, मला मीठ पायजे. त्यानं मला मारलं न्हाई. नुसतं बघितलं. आज चौऱ्याहत्तर वर्साची झाले तरी त्ये बघणं माझ्या अंगावर हाय.

आन् त्याची नात मला इचारती, आत्या आतडं कसं सोलायचं. वा गं बी.एस्सी. बी.एड. तुला तुझं इमान उडवायचं त्ये उडव. आमी विमानाला इमानच म्हणतो, हसू नको. पण आमच्या घरातलं आतडं त्यात भरू नको. त्या कामाचं नाव माझ्या उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई.

राकेशचं आळेफाट्याचं ग्यारेज बरं चाललंय. बाकी समदं ठीक.

जानकाबाई


मुलींचे वसतिगृह
२३ जानेवारी

प्रिय आत्या,

रागावलीस ते बरोबर. दोराची गोष्ट मला माहीत होती, मिठाची नव्हती. बाबांनी कधी सांगितलीच नाही. मी तुझी माफी मागते, आणि त्या कामाबद्दल पुन्हा विचारणार नाही.

पण मी का विचारलं तेवढं ऐक. त्या जर्मन कारखान्यात आतडी मिठात घालून पिंपांतून यायची. रांगेनं बसलेल्या बायका ती धुवायच्या, खरवडायच्या, ओली असतानाच एकावर एक पसरायच्या. ना टाका, ना डिंक. वाळलं की एकजीव व्हायचं, पुन्हा सुटायचं नाही. इंग्लंडात तर हे काम एकाच कुटुंबाला येत होतं आणि ते लोक कुणाला शिकवायला तयार नव्हते. सरकार त्यांच्या मागं लागायचं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत आतड्यात मांस भरून खायला बंदी घातली म्हणतात, कारण आतडी विमानांना हवी होती. सगळ्या पुस्तकांत नाव आहे ते सरदार झेपेलिनचं. मला त्या बायकांचं एकही नाव सापडलं नाही. म्हणून मला वाटलं, आपल्या प्रदर्शनात तेवढं तरी लिहावं.

असो. आता तो प्रश्नच मिटलाय. संस्थेचे सचिव रामनाथराव यांनी परवा फलकांचा मजकूर पाहिला. म्हणाले, उद्घाटनाला मोठे पाहुणे आहेत, गाय आणि आतडं असलं काही नको, भावना दुखावतात. ‘विशेष कापड’ लिहा. मी म्हटलं, सर, कापड नव्हतं ते. तर म्हणाले, विशेष आहे ना, मग झालं. शिक्षकखोलीत एक जण हसून म्हणाले, मॅडमना या विषयातली बरीच माहिती दिसते. बाकीचे पण हसले. मी वह्या तपासत बसले.

तेव्हा तू निश्चिंत राहा. तुझ्या उंबऱ्याच्या आतलं काही बाहेर येणार नाही.

तुझी,
प्रतीक्षा


बोरी बुद्रुक
३१ जानेवारी

चि. प्रतीक्षाला जय भीम.

कोन हसला गं त्यो? नाव लिहून पाठीव. नगं, पाठवू नको, माझं डोस्कं फिरंल आन् राकेशला उगा तिकडं धाडावं लागंल.

मी पाच दिस तुझं पत्र घिऊन बसलेय. तुला आर्धीच गोष्ट सांगितली व्हती. आता दुसरी आर्धी सांगते, ती कुनाला सांगितलेली न्हाई, राकेशला सुदिक. अण्णाचा हात लई बसलेला व्हता. मोठ्या आतड्याच्या थैलीवरचा पापुद्रा त्यो अख्खा काढायचा, येक भोक पडू द्यायचा न्हाई. त्येच्यात वारा भरून दोऱ्यानं बांधायचा आन् मला द्यायचा. आमच्या वस्तीतल्या पोरांचा त्योच फुगा. मी ल्हानपणी दुसरा फुगा बघितलेलाच न्हाई. वर फेकला की लई येळ खाली यायचा न्हाई. मला त्येचा इटाळ वाटायचा न्हाई, मज्जा वाटायची. मोठी झाल्यावर लोकांनी शिकवलं की त्येची लाज वाटाया पायजे, मंग मी लाजले.

अण्णानं दोर जाळला त्यो कामाची लाज वाटली म्हणून न्हाई. सांगावा आला की उठायचं, न उठलं तर मीठ बंद, ही बळजबरी व्हती म्हणून जाळला. ह्यातला फरक मला तुझं पत्र वाचून कळला, ह्या वयात. तिकडं त्येच काम आलं की गुपित, सरकार मागं फिरतंय. आमाला आलं की इटाळ. आन् आता त्येचंच नाव विशेष कापड?

खोटं लिहू नको.

रीत लिहिते. मी हात लावणार न्हाई, बापानं सोडलेलं मी धरणार न्हाई. पण तुझ्यावर कुनाची बळजबरी न्हाई, तू कर. थैली निवळ पाण्यात धू. मंग चुलीतली राख पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घे, त्यात येक दिस भिजव. बांबूच्या कांबीनं सोल, सुरी लावू नको. नखं काप, नायतर फाटंल. टोकाकडनं सुरू कर आन् वढू नको, लोटत न्ये. फाटलं तर पुन्ना दुसरं घे, पयलं जिवाला लावून घिऊ नको.

जानकाबाई


मुलींचे वसतिगृह
१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

जमलं गं!

मंचरच्या खाटकाकडून थैल्या आणल्या. पहिल्या चार फाटल्या. माझीच नखं. मुलींना मी सांगितलं होतं, ज्यांना नको वाटेल त्यांनी लांब थांबा, कुणावर सक्ती नाही. सहा जणी खिडकीत नाक दाबून उभ्या राहिल्या. हर्षाली म्हणाली, मॅडम, घरी कळलं तर आई मला आठवडाभर आंघोळ घालत बसेल, आणि बाह्या सरसावून पुढं आली. पाचवी थैली तिनंच सोलली. टोकाकडून लोटत नेली, तू लिहिलंस तशी. मग खिडकीतल्या एकेक आत आल्या. शेवटी दोघीच राहिल्या, त्यांना मी पाणी आणायचं काम दिलं.

तुझं राखेचं पाणी म्हणजे पोटॅशचं पाणी. पुस्तकात जर्मन बायकांनीही तेच वापरलेलं आहे. आजोबांना हे कुणी शिकवलं होतं?

ओले पापुद्रे आम्ही काचेवर एकावर एक पसरले. वाळल्यावर कांद्याच्या सालीसारखं झालं, आणि जोड कुठं होता ते बोटाला लागेना. पिशवी करून हवा भरली. तीन दिवस झाले, अजून तशीच टम्म आहे.

मग मी फलकावर खरं लिहिलं. रामनाथरावांनी बोलावून घेतलं. ओरडले वगैरे नाहीत. खुर्ची दिली, म्हणाले, तुमच्यासारख्या मुलीनं तर हा विषय मुद्दाम टाळायला हवा, तुमच्याच भल्याचं सांगतोय. उद्या लोक तुमच्याकडं कोणत्या नजरेनं बघतील? त्यांनी पुण्याहून छापलेला फ्लेक्स मागवलाय, त्यावर ‘विशेष कापड’ आहे. माझा फलक आणि पिशवी कपाटात ठेवायला सांगितलीये. मार्चची आठवणही दिली.

बघू काय करायचं ते.

तुझी,
प्रतीक्षा


बोरी बुद्रुक
१५ फेब्रुवारी

चि. प्रतीक्षाला जय भीम.

तुझी पिशवी फुगली ह्ये वाचून मला लई बरं वाटलं. अण्णाला त्येच्या आज्यानं शिकवलं आसंल, आज्याला त्येच्या आज्यानं. आमच्यात कुनी पुस्तक लिहिलं न्हाई.

पण शेवटाला तू ‘बघू’ लिहिलंस त्ये मला आवडलं न्हाई. बघू म्हणणारं माणूस मनात भ्यालेलं असतंय. मी मास्तरणीला धा वर्स बघू म्हटलं, मंग कुटं पाटी धरली.

त्यो बाबा म्हणतो लोक कुटल्या नजरेनं बघतील. त्येला म्हणावं, तुमी कुटल्या नजरेनं बघताय त्ये आधी सांगा.

तू हसतीस मी इमान म्हणते त्येला. पण नीट बघ, तुमी सभागृहात टांगलंय त्ये बी इमान आन् माणसाच्या आत आसतंय त्ये बी इमान. बांबूचं मोडलं तर पुन्ना बांधता येतं.

मी अठ्ठावीसला येते. राकेश त्या दिशी ग्यारेज बंद ठिवणार हाय. येष्टीनं नारायणगाववरनं मंचर, घोडेगाव करत येऊ. तू नगं म्हणू नको.

जानकाबाई


मुलींचे वसतिगृह
२० फेब्रुवारी

आत्या,

येऊ नकोस.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही म्हणून सांगते. मी रामनाथरावांना हो म्हणून बसले. परवा फ्लेक्स लागला, मी समोर उभी होते, आणि खिळा ठोकायला स्टूल मीच धरलं. पिशवी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, कुलूप लावून. हर्षालीनं विचारलं, मॅडम, आपण चुकीचं केलं का? मी म्हटलं, नाही गं, पुढच्या वर्षी लावू. तेव्हापासून ती तासाला हात वर करत नाही.

तुला माझा राग येईल. येऊ दे. मला ही नोकरी हवी आहे, आत्या. आपल्या वस्तीतून विज्ञान शिकवणारी मी पहिली आहे. मी इथून गेले तर या मुलींना वर्षभर विज्ञानाला कुणीच नसेल, एवढ्या आडरानात कोण येतंय? कायम झाले की मग लिहीन सगळं खरं. एवढं एकदा जाऊ दे.

तू आलीस तर मला तुझ्याकडं बघता येणार नाही. म्हणून येऊ नकोस.

प्रतीक्षा


मुलींचे वसतिगृह
४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू स्वतःच येणार.

घोडेगावची शेवटची एसटी गाठायची म्हणून राकेशदादा तुला घाईनं घेऊन गेला, आपलं बोलणंच झालं नाही. बोलणं झालं असतं तरी त्या गलबल्यात तुझ्या कानांना काही कळलं नसतं. तू काय पाहिलंस ते तुला माहीत आहे. काय ऐकू आलं नाही ते मी लिहिते.

तू थेट झेपेलिनखाली जाऊन उभी राहिलीस. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. तू फ्लेक्सवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला लागलीस. तुला वाटलं तू मनात वाचतेयस. आत्या, तुझं ‘वि-शे-ष का-प-ड’ शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. पाहुणे थांबले. मग तू तशाच आवाजात म्हणालीस, “ह्ये कापड न्हाई. आतडं हाय गाईचं. माझा बाप सोलायचा. कुनी लिहिलं ह्ये?”

रामनाथराव म्हणाले, आजींना कुणीतरी बाहेर घेऊन जा. शिक्षकखोलीत हसलेले तेच सर आले आणि त्यांनी तुझा दंड धरला. तुला वाटलं खुर्ची देतायत. तू त्यांच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, “ऱ्हाऊ दे लेकरा, मला हुभंच बरं वाटतं.” मुली फिदीफिदी हसल्या. सरांनी हात सोडला. मागून कुणी तरी म्हणालं, यांना त्या कामाचा अभिमान आहे वाटतं. एक बाई म्हणाल्या, खरं असेल तर सांगू द्या ना. पाहुण्यांनी विचारलं, हे खरं आहे का, विज्ञानाच्या शिक्षिका कोण? आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी प्रयोगशाळेत गेले ते खरं सांगायचं तर पळून गेले. तिथं कपाटासमोर हर्षाली उभी होती. ती म्हणाली, मॅडम, किल्ली तुमच्याकडं आहे.

पुढचं तू पाहिलंस. मी पिशवी आणून टेबलावर ठेवली आणि फ्लेक्सशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. तोवर राकेशदादानं तुला मागं नेलं होतं, तिथून वाचता आलं नसेल. ते असं: ‘झेपेलिनच्या आतल्या पिशव्या गाईच्या आतड्याच्या पापुद्र्याच्या होत्या. त्या कारखान्यातल्या बायकांनी केल्या. त्यांची नावं आम्हाला सापडली नाहीत. इथला नमुना बोकडाचा आहे. कृती सांगणाऱ्या जानकाबाई, बोरी बुद्रुक. करणाऱ्या इयत्ता नववीच्या मुली.’

त्याचे परिणाम झालेच. संस्थेनं आठ दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. रामनाथराव खासगीत म्हणाले, फार काही लिहू नका, ‘माझ्याकडून चुकून लिहिलं गेलं’ एवढं एक वाक्य द्या आणि फळा पुसा. विषय संपला, महिनाअखेर कायमचा कागद हातात. चुकून, फक्त एवढा एक शब्द. कागद समोर घेऊन बसलेय आणि हात उचलत नाही. आठवडा वाढवून मागितलाय. तू सांग, काय लिहू?

तुझी,
प्रतीक्षा


बोरी बुद्रुक
११ मार्च

चि. प्रतीक्षाला जय भीम.

तू इचारलंस त्येचं उत्तर मी देणार न्हाई. तुझा कागद, तुझी शाई. इथं काय झालं तेवढं लिहिते.

परवा दुपारी दारात पांढरी गाडी. तुझा त्यो रामनाथराव आन् संगं येक कारकून. मी च्या ठेवला. म्हणाला, नगं, आत्ताच झाला. आळेफाट्यापास्नं इथवर कुटं झाला कुनास ठावं. मी माझा पिले.

त्यो लई गोड बोलत व्हता आसं तोंडावरनं दिसलं. ऐकू काय आलं न्हाई. राकेशनं मला पाटीवर लिहून दाखवलं. त्येचं म्हणणं, पाव्हण्यांफुडं शाळेची शोभा झाली, आता तुमीच लिहून दिलंत की म्हातारीकडनं चुकून बोललं गेलं, तर पोरीची नोकरी वाचंल. कागद त्यानं टाईप करूनच आणलेला. ‘दिनांक २८ रोजी मी अज्ञानामुळे चुकून बोलले. त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली माझं नाव.

कागद माझ्याफुडं सरकवला. आन् मंग कारकुनानं पिशवीतनं शाईचा डबा काढला, अंगठ्याचा. झाकण उघडून माझा हात धराया लागला.

पोरी, मी चिडले न्हाई. राकेश चिडला, त्येला मी खाली बसवला. म्या म्हटलं, थांबा, मी आधी वाचते. बोट ठिऊन सगळं वाचलं, मोठ्यांदा. त्या दोघांच्या तोंडाकडं बघाया पायजे व्हतंस. मंग मी त्येच्याच खिशाचा पेन मागितला.

‘अज्ञानामुळे’ खोडलं, वर लिहिलं, म्हायती आसल्यामुळं. ‘चुकून’ खोडलं, लिहिलं, समजून. ‘आहे’ खोडलं, लिहिलं, न्हाई. आन् खाली सही केली, जानकाबाई, पोपटची लेक. सावकाश केली, येक काना सुदिक वाकडा न्हाई.

पेन परत दिला. त्यो कागद घडी करून घिऊन गेला. ठिऊन गेला आसता तर मी भिताडाला लावला आसता.

जानकाबाई


मुलींचे वसतिगृह
१८ मार्च

प्रिय आत्या,

खुलासा दिला. चार ओळींचा आहे, तुला उतरवून पाठवते.

‘फळ्यावरचा मजकूर मी लिहिला. तो पूर्ण विचार करून लिहिला. तो खरा आहे, आणि त्यात एखादी चूक कुणी दाखवली तर मी वर्गासमोर दुरुस्त करीन. खरा असूनही तो नको असेल तर संस्थेनं स्वतःच्या हातानं पुसावा. मी पुसणार नाही.’

रामनाथरावांनी वाचला, फाईलमध्ये ठेवला आणि मला जायला सांगितलं. कायमचा कागद येणार नाही असं ऑफिसात सगळे बोलतात. नाही आला तर ३१ तारखेला सामान घेऊन बोरीला येईन, आणि कुठंतरी पुन्हा अर्ज करीन. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण रात्री झोप लागते. हर्षालीचा हात तासाला पुन्हा वर यायला लागलाय आणि प्रश्न असले विचारते की मलाच पुस्तक उघडावं लागतं.

फ्लेक्स अजून तिथंच आहे. शेजारी फळा. साधा खडू आहे, कुणीही जाता जाता तळहातानं पुसला तरी जाईल. रोज सकाळी सभागृहात प्रार्थनेला तीनशे मुली, चौदा शिक्षक आणि सचिव त्याच्यासमोर उभे राहतात. आज अठरा दिवस झाले. कुणी हात लावलेला नाही.

तुझी,
प्रतीक्षा